गाडीचे ॲल्युमिनियमचे भाग हाताने घडवणे: कोकणच्या हवेत टिकतील असे

पोलादाच्या मानाने ॲल्युमिनियम मऊ. कानस, हॅक्सॉ, हातातले ड्रिल मशीन, वाइस आणि टॅपचा (भोकात आटे पाडायच्या हत्याराचा) संच एवढ्या सामानावर घरच्या पडवीतही बरीच कामे होतात: ब्रॅकेट नवा करणे, भोक सरकवणे, थर्मोस्टॅट हाउसिंगची वाकलेली कड सपाट करणे, गेलेले आटे नव्याने पाडणे. पावसात वीज गेली तरी यातले निम्मे काम अडत नाही. पण अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या पट्ट्यात कापणे-घासणे हा कामाचा सोपा भाग. ताज्या कापलेल्या कडेला आणि लोखंडी बोल्टाच्या बुडाला खारा वारा काय करतो, याची तजवीज केली नाही तर उत्तम कानसलेला भागही वाया जातो. म्हणून इथे जोडणीबद्दल कापण्याइतकेच लिहिले आहे.

कशाला हात लावायचा, कशाला नाही

अलॉय व्हील, स्टिअरिंग नकल, सस्पेन्शनचे आर्म, ब्रेक कॅलिपर, मास्टर सिलिंडर आणि एअरबॅगजवळचा कोणताही ब्रॅकेट यांना कानस लावू नका. पोलादाला एक मर्यादा असते. ताण तिच्याखाली राहिला तर लाखो हेलकावे खाऊनही ते तुटत नाही. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. हेलकावे वाढत गेले की कमी ताणानेही तडा जातो, आणि तो सुरू होतो ओरखड्यापासून किंवा धारदार कोपऱ्यापासून. कानशीचा आडवा ओरखडा म्हणजे तड्याला दिलेली जागाच. सिलिंडर हेडची बैठकही हाताने घासायची नसते, ती मशीन शॉपमध्येच द्यावी.

कायद्याचेही पाहा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. इंजिनखोलीतला ब्रॅकेट किंवा दुरुस्त केलेले आटे यांचा त्याच्याशी संबंध येत नाही. गाडीची बांधणी, आकार किंवा इंजिन बदलणारे काम करायचे तर आधी आरटीओत विचारा.

हातातला भाग ओतीव आहे की पत्र्या-पट्टीचा, हे सुरुवातीलाच ठरवा. ओतीव भागाचा पृष्ठभाग खरखरीत किंवा साच्याच्या रेघेचा असतो आणि त्याच्यावर कोरलेली उठावाची अक्षरे दिसतात. दाबाने ओतलेल्या भागाची वरची साल घट्ट असते, आत मात्र बारीक पोकळ्या असू शकतात. अर्धा-एक मिलिमीटरपेक्षा जास्त घासले की त्या उघड्या पडतात, आणि पाणी किंवा तेल अडवणारा भाग तिथून पाझरू लागतो. ओतीव भाग वाकवायचाही नसतो, तो मोडतो. पट्टी-पत्रा वाकतो, पण कोणत्या मिश्रधातूचा आहे त्यावर ते अवलंबून. ५०५२ सहज वाकतो. ६०६१-टी६ कडक असतो आणि लहान त्रिज्येत वाकवला की बाहेरून फाटतो. दुकानदाराला नंबर सांगता आला नाही तर एक फालतू तुकडा वाकवून पाहा.

काही गाड्यांत व्हॉल्व्ह कव्हर किंवा स्टिअरिंगचा सांगाडा मॅग्नेशियमचा असतो. दिसायला तसाच, पण हातात घेतला की आणखी हलका. आतल्या बाजूला घासून चकचकीत केलेल्या जागी व्हिनेगरचा एक थेंब टाका. लगेच फसफसला तर मॅग्नेशियम समजा आणि काम थांबवा, कारण त्याचा कीस पेट घेतो आणि पाण्याने विझत नाही.

सामान

२५० मिमीची चपटी सेकंड-कट कानस, त्याच लांबीची अर्धगोल कानस, ६ आणि ८ मिमीची गोल कानस. वक्र मोठ्या दातांची कानस मिळाली तर ती ॲल्युमिनियमसाठी सर्वांत सरस, कारण तिच्यात कीस अडकत नाही. हॅक्सॉला इंचाला १८ आणि २४ दातांची पाती. एचएसएस (हायस्पीड स्टीलचे) बिट, सेंटर पंच, गुण्या, व्हर्नियर, फीलर गेज (फट मोजायची पातळ पाने), टॅपचा तीन नगांचा संच, टॉर्क पाना. जाड सपाट काच, साधारण ८ ते १० मिमी. १२०, २२०, ३२० आणि ४०० नंबरचा ओला-सुका पॉलिश पेपर. रॉकेल, पांढरा खडू, कानस साफ करायचा तारेचा ब्रश. डोळ्यांवर चष्मा हवाच. कीस मऊ असला तरी टोकदार असतो.

लोखंडावर चाललेली कानस आणि वायर ब्रश इथे वापरू नका. त्यांच्या दातांतले लोखंडाचे कण ॲल्युमिनियममध्ये रुततात. नंतर दमट हवेत तिथेच तांबूस ठिपके उठतात आणि त्यांच्याभोवती खड्डे पडतात. दोन्हींचा वेगळा संच ठेवा आणि मुठीला रंग लावून ओळख करून ठेवा. वाइसच्या जबड्यांवर ॲल्युमिनियमच्या कोनपट्टीचे किंवा लाकडाचे तुकडे बसवा, नाहीतर जबड्यांचे दात भागावर उमटतात.

आखणी, कापणी, कानस

रेघ मार्कर पेनाने आखा. शिसपेन्सिलीचे ग्राफाइट ॲल्युमिनियमवर राहिले की ओलाव्यात त्या रेघेवरच गंज धरतो. शिसपेन्सिलीने आखलेच तर थिनरने पूर्ण पुसून काढा. टोकदार खुणेने फक्त कापून जायच्या बाजूला आखावे. वाकवायच्या रेघेवर ओरखडा मुळीच नको.

हॅक्सॉचे निदान तीन दात एका वेळी धातूवर टेकले पाहिजेत. त्या हिशेबाने ३ मिमी पट्टीला २४ दातांचे पाते आणि ५ मिमीच्या पुढे १८ दातांचे. पात्यावर रॉकेलचा बोळा फिरवत राहा. रेघेच्या बाहेर अर्धा मिमी ठेवून कापा, उरलेले कानशीने. आत वळणारा कोपरा असेल तर आधी तिथे ५ किंवा ६ मिमीचे भोक पाडा आणि करवत त्या भोकापर्यंत न्या. कोपरा गोल राहिला की तिथून तडा जात नाही. मुंबई-गोवा महामार्गावरच्या खड्ड्यांत हेडलाइटचे ब्रॅकेट मोडतात ते बहुतेक अशाच चौकोनी कापलेल्या कोपऱ्यातून.

ॲल्युमिनियमला कानस लावताना खरा त्रास दात भरण्याचा. कीस दातांत चिकटला की पुढच्या फेरीला तोच भागावर खोल ओरखडा ओढतो. कानस लावण्याआधी तिच्यावर खडू घासा, आणि दर दहा-पंधरा फेऱ्यांनी दातांच्या रेघेत तारेचा ब्रश मारून पुन्हा खडू घासा. ब्रशने न निघणारा कण पितळेच्या पट्टीने टोकरून काढा. दाब पुढे ढकलतानाच द्यायचा. मागे येताना कानस किंचित उचलायची. शेवटी कानस आडवी धरून दोन्ही हातांनी ओढली की आडवे ओरखडे जातात. कड कुठेही तीक्ष्ण ठेवू नका, चारही बाजूंनी अर्धा मिमी तरी गोल करा. रंग धारेवर टिकत नाही, आणि मीठ आत शिरते ते रंग उडालेल्या धारेवरूनच.

बेंच ग्राइंडरच्या करड्या चाकावर ॲल्युमिनियम घासू नये. चाकाची बारीक छिद्रे भरतात, चाक तापते आणि फुटू शकते. शिवाय चाकाखाली जमलेला लोखंडाचा गंज आणि ॲल्युमिनियमचा भुगा एकत्र येऊन ठिणगी पडली की जबर पेट घेतो. कामाच्या जागी कोरड्या वाळूची बादली ठेवा. किनाऱ्यावरून आणलेली ओली वाळू आग विझवायला उपयोगाची नाही. तिच्यातल्या पाण्याने उलट आग भडकते.

भोके

सेंटर पंचाची खूण करा, मग ३ मिमीचे आणि नंतर हव्या मापाचे बिट. १० मिमीपर्यंतच्या बिटला घरगुती मशीनचा पूर्ण वेग चालतो. ॲल्युमिनियमला वेग हवा, दाब कमी. रॉकेलचे थेंब टाकत राहा आणि बिट थोड्या थोड्या वेळाने बाहेर काढून कीस साफ करा. कोरडे चालवले तर धातू बिटाच्या धारेवर वितळून बसतो आणि भोक मोठे व वाकडे होते. पातळ पत्र्यात बिट बाहेर पडताना अडकतो आणि पत्रा गरकन फिरतो. म्हणून खाली लाकूड घेऊन सीक्लॅम्पने धरा. हाताने पत्रा धरून भोक पाडायचे नाही.

एम८ (८ मिमी व्यासाचा) बोल्ट सैल जायला ८.५ ते ९ मिमीचे भोक. भोकाच्या मध्यापासून कडेपर्यंत निदान दोन भोकांइतके अंतर, म्हणजे ८.५ मिमीच्या भोकाला १७ मिमी, ठेवा. भोक तीन-चार मिमी सरकवायचे असेल तर शेजारी दुसरे भोक पाडायच्या फंदात पडू नका, बिट जुन्या भोकात घसरतो. गोल कानशीने एका दिशेला लांबवा आणि रुंदी व्हर्नियरने तपासत जा. लांबवलेल्या भोकावर साधा वॉशर पुरत नाही; एम८ साठी २४ मिमी बाहेरच्या व्यासाचा, २ मिमी जाडीचा रुंद वॉशर घ्या. दोन्ही बाजूंनी बर, म्हणजे भोकाच्या काठावर उठलेली धातूची धार, काढा. भोकाच्या तोंडावर मोठे बिट हातानेच दोन वेढे फिरवले की झाले.

आटे

ॲल्युमिनियमच्या भागात सगळ्यांत जास्त बिघडतात ते आटे. कारण साधे आहे: पोलादाचा बोल्ट मजबूत, भोकातले आटे मऊ. आटे पाडण्याआधीचे बिट असे: एम५ ला ४.२ मिमी, एम६ ला ५.०, एम८ ला ६.८, एम१० (१.५ पिच, म्हणजे दोन आट्यांमधले अंतर) ला ८.५, एम१० (१.२५ पिच) ला ८.८. आट्याची लांबी बोल्टाच्या व्यासाच्या दुप्पट ठेवा. एम८ ला १६ मिमी. जागाच नसेल तर दीडपट, म्हणजे १२ मिमी, यापेक्षा कमी नको. बंद भोक असेल तर त्याहून सहा-सात मिमी खोल भोक पाडा, कारण टॅपच्या टोकाचे आटे अपुरे असतात आणि कीसही तळाशी साठतो.

पहिला टॅप लावताना गुण्या दोन बाजूंनी टेकवून सरळ पाहा. दोन आटे धरल्यावर पुन्हा पाहा. त्यानंतर टॅप वळवून सरळ करता येत नाही, तो मोडतो. रॉकेलमध्ये थोडे इंजिन ऑइल मिसळलेले वंगण चांगले. अर्धा वेढा पुढे, पाव वेढा मागे. तीन-चार वेढ्यांनी टॅप पूर्ण बाहेर काढून खोबणी ब्रशने साफ करा. ओतीव ॲल्युमिनियमचा कीस चुऱ्यासारखा पडतो आणि खोबणीत ठासतो, पट्टीचा लांब दोऱ्यासारखा निघून टॅपला गुंडाळतो. दोन्हींचा परिणाम एकच: टॅप अडतो. अडल्यावर जोर लावणे म्हणजे टॅप गमावणे.

टॅप मोडलाच आणि भाग गाडीतून सुटा करता येत असेल तर तुरटी कामी येते. तुरटीचा गरम, पूर्ण विरघळलेला द्राव पोलाद हळूहळू खातो, ॲल्युमिनियमला फारसे काही करत नाही. काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात, जितकी विरघळेल तितकी तुरटी घालून, भांडे गरम पाण्यात ठेवून भाग बुडवा. मोडलेल्या टॅपवर बुडबुडे येत राहिले पाहिजेत. थांबले की द्राव बदला. एक दिवसही लागतो, एचएसएस टॅपला त्याहून जास्त. आधी भागातले सगळे स्टड, पोलादी बुश आणि पिना काढून ठेवा, नाहीतर त्याही जातील. ॲल्युमिनियमचा रंग मंद होतो, ते पॉलिश पेपरने निघते. भांडे नंतर स्वयंपाकघरात न्यायचे नाही.

आटे गेलेच असतील तर एक मोठ्या मापाचा टॅप मारण्यापेक्षा तारेचा इन्सर्ट, म्हणजे हेलिकॉइल, बरा. एम८ x १.२५ साठी साधारण ८.३ मिमीचे बिट आणि इन्सर्टचा खास टॅप लागतो. नेहमीचा एम८ टॅप चालत नाही, कारण इन्सर्टसाठीचे आटे मोठे असतात. किटसोबत आलेलेच बिट वापरा. बिटाला चिकटपट्टी लावून खोली ठरवा, विशेषतः वॉटर पंप किंवा क्रँककेसजवळ, जिथे भोकाच्या तळाशी पातळ भिंत असते. आटे पाडून झाल्यावर ब्रेक क्लीनरने धुवा, हवेने फुंका. इन्सर्ट आत फिरवताना खाली दाबू नका, तो एक आटा सोडून पुढे जातो. वरचे टोक पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा वेढा खाली गेले की थांबा. खालचा आडवा तुकडा एका सरळ ठोक्याने तोडा आणि चिमट्याने बाहेर काढा. बंद भोकात तो राहिला तर बोल्ट पूर्ण बसत नाही.

घट्ट करण्याचा आकडा गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्या. मॅन्युअल हाताशी नसेल तर ॲल्युमिनियममध्ये एम६ ला ८ ते १० न्यूटन-मीटर, एम८ ला २० च्या आसपास यापुढे जाऊ नये. आट्यांना वंगण लावले असेल तर आकडा पाचव्या हिश्श्याने कमी करा. ओल्या आट्यांवर त्याच टॉर्कला बोल्टावर जास्त ताण येतो. गरम इंजिनमधून बोल्ट उघडायचा किंवा घट्ट करायचा नाही. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट पसरते, त्यामुळे गरम असताना बसवलेली ओढ थंड झाल्यावर बदलते.

थर्मोस्टॅट हाउसिंगची कड सपाट करणे

किनाऱ्याजवळ हे काम वारंवार निघते. समुद्रालगतच्या विहिरींचे पाणी मचूळ असते. कूलंट संपले म्हणून तेच रेडिएटरमध्ये ओतले की त्यातल्या क्लोराइडने ॲल्युमिनियमची कड आतून खड्डे पडत खाल्ली जाते. शिवाय दोन कानांचे हाउसिंग जोर लावून आवळले की कान पुढे वाकतात आणि मध्ये फट राहते.

जुने पॅकिंग बांबूच्या धार केलेल्या पट्टीने खरवडा, स्क्रू ड्रायव्हरने नाही. कड काचेवर ठेवा आणि फीलर गेज घाला. ०.०५ मिमीचे पान जात नसेल तर घासू नका, नवे पॅकिंग पुरेसे आहे. ०.१० चे जात असेल तर पुढे. हाउसिंगला थर्मोस्टॅट बसायची खाच असेल तर तिची खोली व्हर्नियरने मोजून लिहून ठेवा. कड घासली की ही खाच उथळ होते. मग थर्मोस्टॅटचा काठ वर उचलला जातो आणि दोन्ही भाग टेकतच नाहीत. गळती थांबवण्यासाठी घासलेल्या हाउसिंगची गळती वाढते ती यामुळे. ०.३ मिमीपेक्षा जास्त काढायची वेळ आली तर भाग बदला.

काचेवर १२० चा पेपर पाण्याने चिकटवा, कडेवर मार्करच्या आडव्या-उभ्या रेघा मारा. भाग खालच्या बाजूला धरून आठाच्या आकड्यात फिरवा आणि दहा फेऱ्यांनी भाग पाव वळवून धरा, म्हणजे हाताचा तिरका दाब एका बाजूला खात नाही. मार्कर आधी कानांवरून जाईल, शेवटी पाण्याच्या भोकाभोवतालच्या कड्यावरून. त्या कड्यावरून सगळीकडे गेला की २२० वर या, मग ४०० वर दहा-बारा फेऱ्या. यापुढे गुळगुळीत करू नका, पॅकिंगला थोडी पकड हवी असते. आतून बाहेरपर्यंत आरपार गेलेला खड्डा उरला तर तो घासून काढायच्या मागे लागू नका. १२० अंशांच्या वर टिकणारी इपॉक्सी मेटल पुटी भरून, पूर्ण कडक झाल्यावर पुन्हा ४०० वर सपाट करा. शेवटी भाग साबणाने धुवा. पॉलिश पेपरचा एक कण थर्मोस्टॅटच्या झडपेत अडकला तरी ती बंद होत नाही. भरताना डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मे-निम्मे.

पट्टीचा ब्रॅकेट

ॲल्युमिनियमचा ताठपणा पोलादाच्या एक तृतीयांश. पोलादी ब्रॅकेटइतका ताठ हवा तर जाडी १.४४ पट घ्यावी लागते. २ मिमी पोलादाच्या जागी ३ मिमी ॲल्युमिनियम. तरीही वजन निम्मेच होते.

५०५२ ची ३ मिमी जाड, ४० मिमी रुंद पट्टी घेऊन हॉर्नसाठी एल आकाराचा ब्रॅकेट, बाहेरून मोजलेल्या बाजू ५० आणि ४० मिमी. आतली त्रिज्या ५ मिमी ठेवू. वाकणाऱ्या भागाला लागणारी लांबी: १.५७ गुणिले (५ अधिक जाडीचे ०.४, म्हणजे १.२) बरोबर ९.७ मिमी. प्रत्येक बाजूतून त्रिज्या आणि जाडी मिळून ८ मिमी वजा केले की ४२ आणि ३२. एकूण ८३.७, ८४ कापा आणि लांब बाजू नंतर कानसा. पट्टीवरच्या लाटणीच्या बारीक रेघा वाकणाऱ्या रेघेला काटकोनात येतील अशी पट्टी कापा, समांतर आल्या तर बाहेरून फाटते. वाकणाऱ्या जागी दोन्ही कडा ४०० च्या पेपरने गुळगुळीत करा, फाटणे कडेपासूनच सुरू होते.

जाड लोखंडी अँगलचा तुकडा घ्या, त्याचा कोपरा कानशीने ५ मिमी त्रिज्येत गोल करा आणि वाइसच्या जबड्यावर ठेवा. ४२ मिमीची रेघ अँगलच्या वरच्या पृष्ठभागाच्या ५ मिमी खाली येईल अशी पट्टी पकडा. वर लाकडाचा ठोकळा धरून हातोडी मारा, थेट पट्टीवर नाही. पट्टी काही अंश परत येते, म्हणून चार-पाच अंश जास्त वाकवा. एकदा वाकवून उलटे सरळ केले आणि परत वाकवले तर पट्टी फेकून द्या.

६०६१-टी६ च वापरायचा असेल तर वाकवण्याआधी मऊ करता येतो: वाकणाऱ्या जागी कपड्याचा साबण घासा आणि टॉर्चने मागून तापवा, साबण काळपट झाला की ज्योत काढा. ॲल्युमिनियम तापून लाल होत नाही, तसेच्या तसे दिसत असतानाच वितळून खाली पडते, म्हणून साबणाची खूण. पण मऊ केलेल्या जागेची ताकद पाव हिश्श्यावर येते आणि परत येत नाही. वजन घेणाऱ्या ब्रॅकेटला ही युक्ती नको.

जोडणी आणि रंग

मीठ पंचाहत्तर टक्क्यांच्या वरच्या आर्द्रतेत हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळते. कोकणात अशी हवा पावसाळ्यापुरती नसते, रात्री-पहाटे बाकीच्या महिन्यांतही असते. म्हणजे पाऊस नसतानाही बोल्टाखाली खारट पाण्याचा थर असतो, आणि पोलाद व ॲल्युमिनियम त्या थरात भिजले की ॲल्युमिनियम खाल्ले जाते. पाऊस उघड्या भागांवरचे मीठ धुऊन तरी नेतो. बॉनेटखाली आणि बंपरमागे ते वर्षानुवर्षे साठते. म्हणून ब्रॅकेटची मागची बाजू पुढच्या बाजूपेक्षा नीट रंगवा.

बोल्ट जस्ताचा मुलामा दिलेले घ्या. स्टेनलेस वापरायचेच तर ॲल्युमिनियमचा भाग मोठा आणि बोल्ट लहान असेल तिथे. मोठ्या स्टेनलेस पत्र्याला लहान ॲल्युमिनियमचा तुकडा जोडला तर तो तुकडा झपाट्याने जातो. पितळ आणि तांबे यांचा थेट स्पर्श नकोच. बोल्टाच्या डोक्याखाली नायलॉनचा वॉशर, त्याच्यावर रुंद धातूचा. आट्यांना होड्यांसाठी वापरतात ते मरीन ग्रीस किंवा ॲल्युमिनियम-निकेलचे अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा. तांब्याचे अँटीसीझ गाडीवाल्यांत सर्रास चालते, इथे टाळा. बंदरालगत होडीचे सामान ठेवणाऱ्या दुकानांत मरीन ग्रीसची चौकशी करा. हॉर्नचे अर्थिंग ब्रॅकेटमधून घेण्याऐवजी वेगळी तार ओढा, रंगवलेल्या ब्रॅकेटमधून प्रवाह नीट जात नाही.

साधा लाल प्रायमर ॲल्युमिनियमवर टिकत नाही, कारण हवा लागताच त्याच्यावर ऑक्साइडची साल धरते. थिनरने पुसा, ३२० च्या पेपरने घासा, पुन्हा पुसा आणि तासाभरात एच (etch, धातूला किंचित खाऊन पकड घेणारा) प्रायमर किंवा इपॉक्सी प्रायमर मारा. दोन्ही एकावर एक नकोत, डब्यावर तसे लिहिले असल्याशिवाय. जुलै-ऑगस्टमध्ये रंग मारायची वेळ आलीच तर भाग आधी बल्बखाली हाताला कोमट लागेपर्यंत तापवा, नाहीतर आत अडकलेला ओलावा रंगाला पांढुरके करतो आणि नंतर फोड येतात. भोकाच्या आतल्या भिंतीवरही ब्रशने प्रायमर द्या. पॅकिंगची बैठक आणि आटे मात्र रंगापासून झाकून ठेवा.

कानसताना पडलेला बारीक कीस ओला करून बंद डब्यात भरू नका. त्यातून हायड्रोजन सुटतो आणि डबा फुगतो. कोरडा, उघड्या डब्यात, लोखंडाच्या किसापासून वेगळा ठेवून भंगारवाल्याला द्या.

पाचशे किलोमीटर झाल्यावर बोल्ट टॉर्क पान्याने तपासा, कारण नायलॉनचा वॉशर बसतो आणि ओढ कमी होते. त्यानंतर वर्षातून एकदा, मेच्या मध्यात पावसाआधी, ब्रॅकेट गोड्या पाण्याने धुऊन बोल्टाभोवती पाहा. पांढरी पिठूळ भुकटी दिसली तर बोल्ट काढा, भुकटी नायलॉनच्या ब्रशने साफ करा, नायलॉनचा वॉशर बदला, नव्याने ग्रीस लावा. भुकटीखाली अर्धा मिमीपेक्षा खोल खड्डा असेल तर ब्रॅकेट नवा करा. पट्टी आणि मापे हाताशी असली की तासाभराचे काम आहे.